धक्क्यावर ताट मांडायचं नाही

"चुना पुन्हा गेला!"

हरेश धक्क्याच्या कडेवर वाकून ओरडला. दिशा धावत आली. काल संध्याकाळी पांढरे शुभ्र दिसणारे दगड आता काळेठिक्कर होते. त्यांच्यावरून गार, ओला चिखल ओघळत होता. आजूबाजूला मात्र एकाही पावलाचा ठसा नव्हता!

"तिसऱ्यांदा!" दिशा हळूच म्हणाली. "आणि हरेश, बघ ना. पहिल्या दिवशी खालचाच थर गेला होता. काल अर्ध्यापर्यंत. आज सगळाच. कोणीतरी रोज थोडं थोडं वर चढतंय."

"ए, उगाच घाबरवू नकोस हं!" हरेश म्हणाला खरा, पण त्याने मागे वळून पाहिलं.

ही दोघं भावंडं भिवंडीतल्या कामतघरची. तिथे दिवसरात्र कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट. दिवाळीच्या सुट्टीत ती कोन गावी बायजाआत्याकडे आली, की पहिले दोन दिवस त्यांना इथल्या शांततेनेच झोप लागत नसे. गावाच्या मागे, तिवरांच्या झाडीपलीकडे खाडी होती आणि खाडीत हा जुना दगडी धक्का. एके काळी इथे गलबतं लागत. तांदूळ, मीठ, सागाचे ओंडके इथून चढत आणि परमुलुखातला खजूर इथे उतरे. लूम यायच्या कितीतरी आधी भिवंडीची ओळख बंदर म्हणून होती. मग गाळ साचला, गलबतं थांबली, ट्रक आले. चाळीसेक वर्षं त्या धक्क्यावर बगळ्यांखेरीज कुणी गेलं नव्हतं.

आणि आता सहली काढणारा मितेश आला होता. "जुन्या बंदराची सहल!" असे त्याचे फलक कोनच्या नाक्यापासून लागले होते. उद्या भाऊबीज. उद्या ठाण्याहून सव्वीस पाहुणे येणार, धक्क्यावर बसून इतिहास ऐकणार आणि तिथेच बायजाआत्याच्या हातचं जेवणार होते.

"वाघ्या!" मितेशचा आवाज तिवरांतून आला आणि मागोमाग तो स्वतः आला. गळ्यात कॅमेरा, हातात कागदांची चळत. दगड पाहताच त्याचा चेहरा लाल झाला. "वाघ्या, इकडे ये!"

वाघ्या वाट साफ करत होता. तो पलीकडच्या पाड्यावरचा, खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे मोठे खेकडे, पकडून विकणारा. मितेशने त्याला सहलीच्या कामावर घेतलं होतं. त्याच्या मागे त्याची मुलगी मंगळी उभी होती. अकरा वर्षांची, काटकुळी, डोळे मात्र घारीसारखे.

"हे तुमच्या पाड्यावरच्या पोरांचे धंदे!" मितेश म्हणाला. "चिंबोऱ्यांची जागा गेली म्हणून राग काढताय?"

"आमी न्हाय केलं, शेठ," वाघ्या खाली मान घालून म्हणाला. "पानी..."

"पाणी मला शिकवू नकोस! माझं आजोळ समुद्रकाठी आहे. आठ दिवसांपूर्वी, अष्टमीला, मी स्वतः दिवसभर इथे बसून पाहिलंय. भर भरतीलासुद्धा पाणी धक्क्याच्या पायथ्याला लागलं नाही! आज परत चुना मारून घेतो. उद्या सकाळपर्यंत तो गेला, तर काम बंद. आणि तुझं नाव पोलिसात जाईल, सांगून ठेवतो!"

तो निघून गेला.  वाघ्याने कोयता उचलला आणि तो पुन्हा वाट साफ करू लागला.

"पोलीस माझ्या बाला नेतील?" मंगळीने विचारलं. तिने ते इतक्या शांतपणे विचारलं, की दिशाने पटकन तिचा हात धरला.

"कोणी नेणार नाही," दिशा म्हणाली. "आपण चोर पकडू. आजच! चुना मारून झाला की इथेच पहारा."

"आणि तो चोर दांडगा निघाला तर?" हरेश म्हणाला.

"मग तू त्याच्याशी बोल. तुझं बोलणं ऐकून पळून जाईल!"

बायजाआत्याने त्यांना डबा बांधून दिला. तांदळाच्या भाकरी आणि वालाचं बिरडं. दारापर्यंत आली, गुडघ्यावर हात ठेवून थांबली आणि म्हणाली, "काय ते करा, पण धक्क्यावर बसून खाऊ नका."

"का गं, आत्या?"

"का ते मला न्हाय म्हाईत. मी लग्न होऊन आले तवाच सासूबाईंनी सांगितलं. धक्क्यावर नाच, गाणी म्हण, मासं सुकव. पन ताट मांडायचं न्हाय."

"मग उद्या तू सव्वीस ताटं मांडणार आहेस ती?" हरेशने डोळे मिचकावले.

आत्या हसली नाही. "ऑर्डर घेतलीय रे. पन काल राती डोळ्याला डोळा न्हाय लागला, एवढं खरं."

बारा वाजता माणसं चुना मारून जेवायला गेली. तिघं काठावरच्या करंजाच्या झाडाखाली बसली. समोर धक्का, त्याच्यापुढे रुंद, गढूळ खाडी. काठ आणि धक्का यांच्यामध्ये पन्नास पावलांची सखल वाट होती. मितेशने तिच्यावर खडी टाकून दोन्ही बाजूंना पताका लावल्या होत्या. ऊन भाजत होतं. एक पान हलत नव्हतं.

साडेबारा झाले. एक वाजला. कुणीच आलं नाही.

"चोर सुट्टीवर गेला," हरेश जांभई देत म्हणाला. त्याच्या मनगटावर वडिलांचं जुनं घड्याळ होतं आणि दर पाच मिनिटांनी तो ते पाहत होता.

"गप!" मंगळी एकदम म्हणाली. "ते बगा."

चिखलावर शेकडो इवले लाल खेकडे होते, एकेक नांगी मोठी असलेले. मघापर्यंत ते तुरूतुरू पळत होते. आता प्रत्येक जण चिखलाचा गोळा ओढत आपल्या बिळापाशी निघाला होता. बिळात शिरायचं आणि आतून गोळा तोंडावर ओढून घ्यायचा. एक, दोन, दहा, पन्नास. बघता बघता सगळा चिखल सपाट आणि रिकामा झाला. जणू तिथे कधी कुणी राहतच नव्हतं.

"दारं लावली त्यांनी," मंगळी कुजबुजली. "पानी यायचं असलं की लावतात."

"पण पाणी तर तिकडे आहे!" दिशाने समोर बोट दाखवलं. खाडीचं पाणी धक्क्याच्या कडेपासून चांगलं हातभर खाली होतं.

"तिकडं नको बगू. हिकडं बग."

दिशाने मान वळवली आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पाणी समोरून येत नव्हतंच! ते मागून, तिवरांच्या मुळांमधून, धक्का आणि काठ यांच्यामधल्या सखल वाटेवर पसरत होतं. लाट नाही, आवाज नाही. खडी बुडाली. पताकांच्या काठ्या बुडाल्या. वाटेवर काढून ठेवलेली हरेशची एक चप्पल उचलली गेली, स्वतःभोवती गर्रकन फिरली आणि तिवरांत नाहीशी झाली.

"माझी चप्पल!"

"थांब!" मंगळीने त्याचा सदरा धरून त्याला मागे खेचलं. "तिथं चिखल मांडीपर्यंत घेतो. आनी पानी वढतं."

दोन वाजले तेव्हा वाट दिसेनाशी झाली आणि धक्क्याचं बेट झालं. सव्वादोनला पाणी धक्क्याच्या माथ्यावर चढलं. ताजा चुना दगडांवरून सुटला आणि दुधासारखे ढग करत वाहून गेला. अडीच वाजता पाणी थांबलं. जिथे उद्या सव्वीस माणसं मांडी घालून बसणार होती, तिथे नुसतं चकाकणारं पाणी होतं.



"हाच चोर!" शेवटी हरेश म्हणाला.  "पण मग मितेशदादाने पाहिलं ते?"

"अष्टमीला भांगाची, छोटी भरती असते," मंगळी म्हणाली. "पानी अर्ध्यातच थकतं. अवसेनंतर उधाण. उद्या आजच्यापेक्षा जास्त येईल."

"आणि माणसं रोज सकाळ-संध्याकाळ येतात, तेव्हा पाणी उतरलेलं असतं!" दिशा उठून उभी राहिली. "म्हणून कुणाला दिसलं नाही! चला, आत्ताच्या आत्ता सांगू या. आत्याला तर धड पळतासुद्धा येत नाही!"

मितेश नाक्यावर फलकाची दोरी बांधून घेत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो मोठ्याने हसला.

"भरतीची वेळ कशी काढतात, माहिती आहे? तिथी गुणिले पाऊण. आज पाडवा, म्हणजे एक. पाऊण वाजता भरती पूर्ण. उद्या बीज. दोन गुणिले पाऊण, दीड! दीड वाजता पाणी भरणार आणि मग उतरणारच. म्हणून मी पाहुण्यांना बरोबर दीड वाजता धक्क्यावर नेतोय. हा हिशेब माझ्या आजोबांचा आहे. पन्नास वर्षं होडी चालवली त्यांनी."

"पण आज अडीच वाजेपर्यंत पाणी चढत होतं!" हरेशने घड्याळ पुढे केलं.

"ते घड्याळ तुझ्याएवढंच हुशार आहे!" मितेश म्हणाला. "आणि त्या पोरीच्या बापाला वाचवायला गोष्टी रचू नका. जा, फटाके उडवा."

परत येताना मंगळी वाटभर बोटांवर काहीतरी मोजत होती. मग एकदम म्हणाली, "त्याचा आजा खोटा न्हाय. समुद्रावर दीडलाच भरत असंल. पन समुद्रातून हितवर यायला पान्याला चालावं लागतं की!"

दिशा जागच्या जागी थांबली. "पाऊणच्या जागी अडीच, म्हणजे पावणेदोन तास उशीर! तो माणसांना नेणार पाणी उतरताना नाही, चढताना!"

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी धक्क्यावर घाईघाईने पुन्हा चुना लागला. दुपारी बस आली. सव्वीस पाहुणे होते, बरेचसे साठीच्या पुढचे. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, हसणं, फोटो. चंद्राबाई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका काठी टेकत सगळ्यांत पुढे होत्या. "मुलांनो, या दगडांना हात लावा! किती नावाड्यांनी इथे दोर बांधले असतील!" त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

मुलांनी सकाळपासून तीनदा आत्याला सांगितलं होतं. आत्या ऐकत होती, भाकऱ्या थापत होती, पण दरवेळी तेच म्हणत होती, "दिलेला शब्द कसा मोडू, पोरांनो?"

दीड वाजता सगळे धक्क्यावर जाऊन बसले. तोंडं खाडीकडे, पाठी वाटेकडे. मितेश माईकवर बोलू लागला. "बघा! आत्ता भर भरती आहे आणि पाणी आपल्यापासून हातभर खाली आहे. आता ते फक्त उतरणार!" टाळ्या पडल्या. आत्या आणि वाघ्या जेवणाचे टोप घेऊन वाट ओलांडून आले.

आणि काठावर उभ्या असलेल्या मंगळीने पाहिलं, की चिखल सपाट झाला होता. एकही बीळ उघडं नव्हतं.

ती वाऱ्यासारखी धावत आली. "लावली! दारं लावली!"

"मितेशदादा, मागे बघ!" हरेश ओरडला.

"बाळ, मोठी माणसं बोलत असताना मध्ये ओरडू नये," एक आजोबा म्हणाले. मितेशने माईक हाताने झाकला. "हरेश, तुझ्या बाबांना फोन करू का?"

दिशाने वाटेकडे पाहिलं. खडीच्या कडेला पाण्याची एक बारीक, चकाकती रेघ आली होती. फार वेळ नव्हता. ही माणसं पाण्यासाठी उठणार नव्हती, मुलांच्या ओरडण्याने तर नाहीच. मग ती उठणार कशासाठी?

"आत्या," ती आत्याच्या कानाशी जाऊन म्हणाली, "सासूबाईंनी 'का' ते सांगितलं नव्हतं ना? मी सांगते. जेवायला बसलेला माणूस अर्धा-पाऊण तास उठत नाही. समोर खाडी बघत बसतो. आणि पाणी येतं पाठीमागून!"

आत्याने वळून वाटेकडे पाहिलं. ती रेघ आता पट्टा झाली होती. आत्याचा चेहरा पांढरा पडला. मग तिने पदर खोचला.

"वाघ्या! उचल टोप!"

"कुठं, बाय?"

"करंजाखाली! पोरांनो, भाकऱ्यांची टोपली घ्या! बिरडं सांडलं तर बघा!"

"अहो बायजाबाई! काय करताय?" मितेश किंचाळला.

"जेवान वर हाय!" आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी गरजली. "ज्याला गरम भाकर हवी त्यानं मागनं यावं! हितं एक घास वाढनार न्हाय!"

 मग ते मघाचे आजोबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. "इतिहास जेवल्यावरही ऐकता येईल!" हशा पिकला. बिरड्याचा वास पुढे आणि सव्वीस माणसांची रांग मागे! वाट ओलांडताना पाणी घोट्याला लागलं तेव्हा हसणं थोडं कमी झालं. पोटऱ्यांना लागलं तेव्हा ते थांबलं.

"चालत राहा! थांबू नका! खडीवरूनच!" हरेश एकेकाला हात देत ओरडत होता आणि मोजत होता. "बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस..."

पुढे कुणी नव्हतं.

"एक कमी आहे!"

"चंद्राबाई!" दिशा किंचाळली.

त्या धक्क्याच्या पार पुढच्या टोकाला बसल्या होत्या. दगडात कोरलेल्या एका गलबताच्या आकृतीवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेण्यात गुंगल्या होत्या. मितेश स्पीकरच्या तारा गुंडाळत, स्वतःशी चरफडत मध्येच उभा होता. त्याने वर पाहिलं. वाट नव्हती. समोर पाणी आणि मागे पाणी. हातातल्या तारा गळून पडल्या.

"पाणी... पाणी उतरायला हवं होतं," तो पुटपुटला.

"बाईंना उठवा! आधी त्यांना उठवा!" काठावरून दिशाचा आवाज आला.

वाघ्या पाण्यात उतरला होता. हातात चिंबोऱ्या उकरायची लांब काठी, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक करंजाला. पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत होतं आणि त्याला बाजूला ओढत होतं. मंगळी काठावरून ओरडत होती. "बा, डावीकडं! डावीकडं दगड हाय! आता सरळ! तिथं न्हाय, तिथं चिखल हाय!" चिखलात उकरून तिला तळाचा एकेक दगड पाठ होता.

वाघ्या पोचला. त्याने चंद्राबाईंना पाठुंगळी घेतलं. त्यांची काठी पाण्यात पडली आणि तिवरांकडे निघून गेली. मितेशने दोराला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. परत येताना पाणी कमरेला लागलं. मध्यावर मितेशचा पाय खडीवरून घसरला. चिखलाने तो गुडघ्यापर्यंत आत ओढला आणि तो नुसता "वाघ्या! वाघ्या!" म्हणत राहिला.

"दोर सोडू नका, शेठ," वाघ्या न वळता म्हणाला. "पाय हलवू नका. आडवं व्हा. वढतील ती."

काठावर हरेश, दिशा, आत्या आणि ते आजोबा, सगळे दोराला लागले. "ओढा! आणखी! ओढा!" चिखलाने मोठा आवाज करत मितेशला सोडलं. त्याचे बूट मात्र ठेवून घेतले.

सगळे वर आले, तेव्हा कुणीच जेवायला बसलं नाही. सगळे खाडीकडे पाहत उभे राहिले. धक्क्याचा माथा हळूहळू नाहीसा झाला. मग मितेशची खुर्ची गेली, मग स्पीकर. स्पीकर बुडताना एकदा घरघरला आणि गप्प झाला. हरेशने घड्याळ पाहिलं. सव्वातीन.

"आम्ही तिथे पाठ करून बसलो असतो," ते आजोबा म्हणाले. 

चंद्राबाईंनी ओला कागद घडी करून पदरात ठेवला आणि तिघांना जवळ बोलावलं. "चाळीस वर्षं शिकवलं मी. पण डोळे असे उघडे ठेवायला एखाददुसऱ्यालाच जमलं. शाबास! ही जागा तुम्हाला जितकी कळली, तितकी आमच्या पुस्तकांना कळली नाही."

मितेश चिखलाने माखलेला, अनवाणी उभा होता. त्याने खिशातून भिजलेलं पाकीट काढलं. "मंगळी, हे बक्षीस. तू नसतीस तर..."

मंगळीने हात मागे घेतले. "बक्षीस नको. काल सकाळी सगळ्यांसमोर बोललात तसं आता सगळ्यांसमोर सांगा."

मितेशने मान खाली घातली. मग तो वाघ्यासमोर जाऊन उभा राहिला. "चुना वाघ्याने पुसला नव्हता," तो म्हणाला. त्याचा आवाज माईकवाचूनही शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "पाड्यावरच्या कुणीच नाही. पाण्याने पुसला होता. वाघ्या मला सांगत होता आणि मी त्याला चोर ठरवलं. चूक माझी आहे."

वाघ्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. 

"बरं, आता तरी बसा!" बायजाआत्याने डोळे पुसत हाक मारली. "भाकऱ्या गार झाल्या! आनी वाघ्या, पयलं पान तुझं. मंगळीचं दुसरं."

दोन दिवसांनी सहलीची दुसरी तुकडी आली. उन्हं कोवळी होती, पाणी मागे सरत होतं, वाट नुकतीच उघडी पडली होती. नव्या पाहुण्यांना धक्क्यावर जायची घाई झाली होती. एकाने पाऊल पुढे टाकलंसुद्धा.

"थांबा," मितेश म्हणाला. "इथे मी सांगत नाही कधी उतरायचं."

सगळ्यांनी त्याच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. वाटेच्या तोंडाशी एक काटकुळी मुलगी उकिडवी बसली होती. ती चिखलातल्या बंद बिळांकडे पाहत होती.

"अजून न्हाय," ती म्हणाली.

आणि एवढी सगळी मोठी माणसं काठावर गुपचूप उभी राहिली.